नोकरीची बातमी आपल्या वस्तीत का पोहोचत नाही?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. कामाचे तास, कामगार कपात, संपाचा अधिकार या मुद्द्यांवर कामगार संघटना बोलल्या आणि ते बरोबरच होते. पण सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील एका प्रकरणाची चर्चा आपल्या चळवळीत जवळपास झालीच नाही. या संहितेने १९५९ चा सेवायोजन कार्यालयांचा कायदा रद्द करून त्या जागी ‘करिअर सेंटर’ ही व्यवस्था आणली आहे. २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेने रिकामी जागा भरण्यापूर्वी तिची माहिती करिअर सेंटरला कळवावी, असे ही संहिता सांगते. जुन्या कायद्यात ही मर्यादा २५ होती.

करिअर सेंटरची या कायद्यातील व्याख्या वाचण्यासारखी आहे. माणसे हवी असलेले मालक, काम शोधणारे लोक, रिकाम्या जागा आणि ज्यांना व्यवसाय मार्गदर्शन हवे आहे असे तरुण, या सर्वांची माहिती एका ठिकाणी गोळा व्हावी आणि पुरवली जावी, अशी ती कल्पना आहे. म्हणजे मार्गदर्शन आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे कायद्याने कागदावर तरी मान्य केले. मात्र त्याच प्रकरणात मालकाला मोकळीकही दिली आहे. करिअर सेंटरने सुचवलेलाच माणूस घ्यावा, असे बंधन त्याच्यावर नाही. जागा कळवायची, माणूस कुठूनही घ्यायचा.

मग प्रश्न उरतो तो असा, की ‘कुठूनही’ म्हणजे कुठून? खासगी नोकरी प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट आपल्या वस्तीतून का जात नाही? आम्ही काही कार्यकर्ते बुद्ध विहारांमध्ये आणि वस्त्यांमध्ये तरुणांसाठी करिअर मार्गदर्शनाचे काम करतो. त्या अनुभवाच्या आधारे आणि या विषयावर झालेल्या अभ्यासाच्या आधारे काही मुद्दे मांडत आहोत.

बाबासाहेबांच्या काळातील सुरुवात

सेवायोजन कार्यालय ही यंत्रणा आपल्याला परकी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. १९४५ मध्ये श्रम विभागाच्या अखत्यारीत पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झाले आणि त्यातून देशभर सेवायोजन कार्यालये उभी राहिली. सुरुवातीचा हेतू महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देणे हा होता. १९४८ मध्ये ही कार्यालये सर्वांसाठी खुली झाली.

या यंत्रणेचे महत्त्व समजून घ्यायचे तर त्याआधी नोकरी कशी मिळत होती ते पाहावे लागेल. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये भरती जॉबरच्या हातात होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या ओळखीचा माणूस कामावर लावायचा. विणाई खात्यात मजुरी चांगली होती, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याला अस्पृश्याचे तोंड लागलेले चालणार नाही, हे त्यामागचे कारण. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उघडपणे विचारला होता. म्हणजे कौशल्याचा किंवा मेहनतीचा प्रश्न नव्हता. कामाची वाट कोणाच्या दारातून जाते, हा प्रश्न होता. सरकारी कार्यालयात नाव नोंदवा, यादीप्रमाणे बोलावणे येईल, ही व्यवस्था जॉबरच्या दाराला दिलेला पर्याय होती.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड आठवत असेल. कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची. अनेक घरांतील पहिली सरकारी नोकरी त्या कॉलमुळे आली. पुढे ही यंत्रणा दुबळी झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांवर विसंबू नका, जाहिरातही द्या, असे सांगितले. समान संधीच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण कार्यालयांचे महत्त्व त्यानंतर घटले. खासगी कारखान्यांनी जागा कळवण्याची सक्ती कधीच मनावर घेतली नाही. न कळवणाऱ्याला दंड इतका किरकोळ होता की त्याची भीती कोणालाही नव्हती.

शिकलो, पण पोहोचलो नाही

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, तर देशाची सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक, म्हणजे देशातील एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. १९५६ नंतर आपल्या समाजाने गावकीची कामे टाकली. बहुतेकांकडे शेती नव्हती, दुकान नव्हते, वडिलोपार्जित धंदा नव्हता. म्हणून सगळी भिस्त शिक्षणावर आणि शिक्षणानंतरच्या नोकरीवर ठेवली. त्यातला शिक्षणाचा भाग आपण पार पाडला. नोकरीचा भाग मात्र आता अडला आहे.

हे केवळ आपल्या समाजाचे दुखणे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. जितके शिक्षण अधिक, तितकी बेरोजगारी अधिक. गरीब घरातील निरक्षर माणूस मिळेल ते काम पकडतो, कारण त्याला थांबणे परवडत नाही. पदवीधर थांबतो. पण थांबण्याच्या काळात काय करायचे आणि कुठे विचारायचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

मग काही घरांतील पदवीधरांना लवकर काम कसे मिळते? समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध प्रसिद्ध आहे. नोकरीची माहिती बहुतेक वेळा अगदी जवळच्या माणसांकडून येत नाही, ती लांबच्या ओळखीतून येते, असे त्यांनी दाखवले. कारण जवळच्या माणसांना आपल्याला जे माहीत असते तेच माहीत असते. लांबची ओळख आपल्याला वेगळ्या वर्तुळात नेते. हे आपल्या वस्तीला लावून पाहा. ज्याचा मामा कंपनीत पर्चेस मॅनेजर आहे, ज्याच्या वडिलांचा मित्र चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्याच्यापर्यंत जागेची बातमी जाहिरात निघण्याआधी पोहोचते. आपल्या मुलाच्या ओळखी घट्ट आहेत, पण त्या त्याच्यासारख्याच नोकरी शोधणाऱ्या मुलांशी आहेत. दहा मित्रांचा ग्रुप आणि दहाही जण एकच जाहिरात एकमेकांना पाठवतात, हे चित्र आम्ही प्रत्येक विहारात पाहतो.

आणि बातमी पोहोचली तरी पुढे आडनाव असते. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र महत्त्वाची मानत होते. वडील काय करतात, घरी कोण शिकलेले आहे, कुठे राहता. हे प्रश्न आपल्या मुलामुलींना आजही विचारले जातात आणि उत्तर देताना त्यांचा आवाज खाली जातो.

आपले सध्याचे मार्गदर्शन

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे गुणवंतांचा सत्कार होतो. एखादे अधिकारी पाहुणे म्हणून येतात, आपला संघर्ष सांगतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करा म्हणतात. टाळ्या वाजतात. या कार्यक्रमांनी अनेकांना उमेद दिली आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्यात तीन गोष्टी नसतात.

पहिली, तिथे मालक नसतो. ज्याला माणूस हवा आहे तो मंचावर नाही आणि श्रोत्यांतही नाही. दुसरी, तिथे ज्याला साठ टक्के मिळाले तो मुलगा नसतो. आयटीआय, पॅरामेडिकल, लेखा, गोदाम, विक्री या क्षेत्रांत जाणाऱ्या बहुसंख्य मुलांशी कोणी बोलतच नाही. तिसरी, कार्यक्रम संपला की पाठपुरावा नसतो.

स्पर्धा परीक्षेबाबत स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. एमपीएससीसाठी मागासवर्गीयांची कमाल वयोमर्यादा ४३ आहे. ही सवलत न्याय्य आहे. पण तिचा अर्थ ‘४३ पर्यंत थांबता येते’ असा घेतला गेला तर ती सापळा होते. परीक्षा लांबतात, निकाल अडकतात, नियुक्त्या रखडतात. तिशी ओलांडलेला तरुण खासगी मुलाखतीला जातो तेव्हा त्याच्याकडे एम.ए.ची पदवी असते आणि सात वर्षांची रिकामी जागा असते. मालक विचारतो, इतकी वर्षे काय केले? म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, तयारी जरूर करा, बार्टीच्या मोफत प्रशिक्षणाचा लाभ घ्या, पण किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत हे घरच्यांसोबत बसून आधी ठरवा. आणि त्या काळात अर्धवेळ का होईना, नोंद राहील असे काम करा. शिकवणी, डेटा एंट्री, रुग्णालयातील नोंदणी, काहीही. अनुभवाचे एक पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा एक क्रमांक पुढे फार उपयोगी पडतो.

पूल बांधायचा म्हणजे काय करायचे

मालकाच्या बाजूने सुरुवात करावी लागते. आपल्या वस्तीपासून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरात कोणकोण माणसे घेते, याची यादी किती विहारांकडे आहे? एमआयडीसीतील कारखाने, खासगी रुग्णालये, शाळा, पतसंस्था, मॉल, गोदामे, सर्व्हिस सेंटर. दोन कार्यकर्ते महिनाभर फिरले तर ही यादी तयार होते. प्रत्येक ठिकाणी विचारायचे ते इतकेच, की गेल्या वर्षी किती आणि कोणत्या कामासाठी माणसे घेतली, कुठून घेतली, कशामुळे नाकारली. या उत्तरांतून जे कळते ते कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही. एका कारखान्यात आम्हाला सांगितले गेले की मुले पदविकाधारक आहेत, पण मोजमापाचे साधे उपकरण हातात दिले की गोंधळतात. ही उणीव काही दिवसांच्या सरावाने भरून निघते. पण ती कळली तरच.

दुसरे काम कागदपत्रांचे. गुणपत्रिकेत एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. जातवैधता प्रमाणपत्र अर्धवट. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या भरतीसाठी ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो हे अनेकांना अर्ज भरताना कळते, तेव्हा मुदत संपत आलेली असते. विहारात महिन्यातून एक रविवार फक्त कागदपत्रांसाठी ठेवला तरी मोठे काम होईल.

तिसरे, शिकाऊ उमेदवारी. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. याच कायद्याच्या कलम ३-अ मध्ये अधिसूचित व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. हे बंधन खासगी मालकालाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे, अशी मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आणि ती केलीच पाहिजे. पण जिथे कायद्याने प्रशिक्षणापुरते का होईना आरक्षण दिले आहे, तिथे किती जागा भरल्या हे आपण विचारत नाही. जिल्ह्यातील कोणत्या आस्थापनांनी किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यात अनुसूचित जातीचे किती, हा माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येक जिल्ह्यात पडला पाहिजे. विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दीड हजार रुपयांपर्यंतचा वाटा केंद्राच्या योजनेतून मिळतो, हे लहान मालकाला समजावून सांगितले तर दार उघडते, असा आमचा अनुभव आहे.

चौथे, सरकारी यंत्रणा वापरणे. राज्याचे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र प्रत्येक जिल्ह्यात आहे. महास्वयम पोर्टल आहे. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी केंद्राची स्वतंत्र मार्गदर्शन केंद्रे आहेत, त्यांपैकी एक नागपुरात. पोर्टलवर नाव नोंदवून घरी बसण्याने काही होत नाही हे खरे, पण कार्यालयात संघटनेचे शिष्टमंडळ दर तीन महिन्यांनी गेले, कोणत्या आस्थापनांनी जागा कळवल्या याची यादी मागितली, तर कार्यालयालाही हलावे लागते.

पाचवे आणि सर्वात दुर्लक्षित काम नोकरी लागल्यानंतरचे. पहिल्या तीन महिन्यांत अनेक मुले काम सोडतात. पहिला पगार हातात येईपर्यंत खोलीचे भाडे आणि डबा परवडत नाही. मुलींच्या बाबतीत रात्रपाळी आणि येण्या-जाण्याची सोय आडवी येते. कुठे जातीवरून टोमणे सुरू होतात. अशा वेळी फोन करायला एक जबाबदार माणूस असेल, दोन महिन्यांसाठी बिनव्याजी हातउसने मिळेल, तर नोकरी टिकते. मालकालाही कळते की या मुलामागे कोणीतरी उभे आहे. पुढच्या वेळी तो स्वतः फोन करतो.

याच ठिकाणी सावधगिरीचाही मुद्दा आहे. ‘नोकरी लावून देतो’ म्हणत पैसे घेणारे दलाल वस्त्यांमध्ये फिरत असतात. जुना जॉबर नव्या कपड्यांत आला आहे. मार्गदर्शन केंद्राचा पहिला नियम असा हवा, की उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही आणि पगार, कामाचे तास, भविष्य निर्वाह निधी लेखी कळल्याशिवाय कोणाला कुठे पाठवले जाणार नाही. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. तरुणाला कुठेतरी चिकटवून देणे म्हणजे आजीविका नव्हे.

मार्गदर्शनाची मर्यादा

मार्गदर्शनाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. असलेल्या नोकरीपर्यंत माणूस पोहोचतो, इतकेच. हे विसरले तर बेरोजगारीचा सगळा दोष तरुणाच्या इंग्रजीवर आणि आत्मविश्वासावर टाकला जातो आणि धोरण नामानिराळे राहते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीसाठी नऊ कंपन्या नेमण्याचा निर्णय काढला होता. तरुणांच्या विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण कंत्राटीकरण थांबले नाही. कायम पद गेले की त्यावरील आरक्षणही जाते, हा साधा हिशेब आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा महिने. मुदत संपल्यावर त्याच प्रशिक्षणार्थींना ‘आता पुढे काय’ म्हणत आंदोलन करावे लागले. प्रशिक्षणाच्या शेवटी मालक बांधील नसेल, तर प्रशिक्षण हा प्रतीक्षेचा आणखी एक टप्पा ठरतो. नव्या करिअर सेंटरचेही तेच होऊ शकते. उद्योग संघटनांनी २००६-०७ च्या सुमारास अनुसूचित जाती-जमातींसाठी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली होती. ऐच्छिकतेने किती दारे उघडली, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून दोन्ही कामे एकत्र चालली पाहिजेत. रिक्त पदे भरा, खासगी क्षेत्रात आरक्षण द्या, जागा न कळवणाऱ्या आस्थापनांवर कारवाई करा, या मागण्या रस्त्यावर आणि विधिमंडळात. आणि तोपर्यंत ज्या जागा आज, या महिन्यात भरल्या जात आहेत, त्यांची बातमी वस्तीत आणण्याचे काम विहारात.

सुरुवात कुठून

आपल्या समाजात आज बँकांत, रेल्वेत, आयटी कंपन्यांत, रुग्णालयांत काम करणारे हजारो लोक आहेत. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री २००५ मध्ये पुण्यात स्थापन झाली, म्हणजे आता मालक असलेलेही आपल्यात आहेत. ग्रॅनोव्हेटर ज्याला लांबची ओळख म्हणतात ती आपल्याकडे तयार झाली आहे, फक्त तिची गाठ वस्तीशी बांधलेली नाही. नोकरी लागली की माणूस कॉलनीत राहायला जातो आणि वर्षातून एकदा जयंतीला येतो. त्याच्याकडून वर्गणी घेताना आणखी एक गोष्ट मागा: आपल्या कार्यालयात निघणाऱ्या जागेची बातमी आणि दोन तरुणांची मुलाखतीची तयारी.

प्रत्येक विहार समितीने येत्या महिन्यात चार गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. वस्तीतील १८ ते ३५ वयोगटातील काम शोधणाऱ्या मुलामुलींची शिक्षणासह एक वही. परिसरातील मालकांची दुसरी वही. नोकरीत असलेल्या समाजबांधवांची तिसरी वही. आणि या तिन्ही वह्या दर रविवारी दोन तास घेऊन बसणारे दोन कार्यकर्ते, त्यांपैकी एक महिला. याला फार पैसा लागत नाही. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात हे केंद्र वर्षभर चालते.